तीन बाजारांची जागा माझ्या बहिणीकडे न जाण्याबाबत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठावीस, धंदा पूर्वी तराजू व वजनकाटे दुरुस्त करणे, सध्या नदीचा, टेकडीचा आणि पुलाचा अशा तीन शेतकरी बाजारांचा मिळून एकच व्यवस्थापक, राहणार गोदामावरची खोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी शुद्ध जागेवर आहे. डॉक्टरांना मुद्दाम विचारून आलो. ते म्हणाले, "तुला काहीही झालेलं नाही, बाबा. झोप जरा." कोणी मला धाकही दाखवलेला नाही. धाक असता तर पोलिसांत तरी जाता आले असते. मला सगळ्यांनी प्रेमानेच धरून ठेवले आहे.

शिक्षण आठवीपर्यंत झाले. शब्द अडला तिथे कोश पाहिला आहे.

कलम पहिले. माझी हत्यारे, म्हणजे कानशी, पाने, बारीक पेचकस आणि वजने पारखण्याचा पितळी संच, माझ्या जुन्या टपरीत आता जो कारागीर बसतो त्याला द्यावीत. त्याच्याशी माझे भांडण नाही. संध्याकाळी तो फळ्या लावतो, कुलूप घालतो आणि शीळ घालत घरी जातो, ते मला बघवत नाही, एवढेच. त्याने हत्यारांना वेळच्या वेळी तेल द्यावे आणि कोणी बाजाराच्या सभेला बोलावले तर जाऊ नये. मी गेलो होतो.

कलम दुसरे. कसा गेलो ते लिहिणे भाग आहे, कारण पुढची कलमे त्यावरच उभी आहेत. तेव्हा तिन्ही बाजारांचे प्रमुख एकमेकांचे तोंड पाहत नसत. व्यापारी नदीवर येऊन सांगायचा की टेकडीवर भाव पडला आहे. तोच टेकडीवर जाऊन सांगायचा की नदीवर पडला आहे. दोन्हीकडची माणसे घाबरून माल मातीमोल भावात विकून टाकायची. शेवटी तिघांनी ठरवले की एकच व्यवस्था करायची. भावाचा फलक एक, ट्रक एक, गोदाम एक. अडले ते माणसापाशी. नदीचा माणूस टेकडीला चालेना, टेकडीचा पुलाला चालेना. मी तिन्हीकडचे काटे दुरुस्त करायचो आणि त्या दिवशी कोपऱ्यात एक काटा उघडून बसलो होतो. नदीचे प्रमुख, ज्यांना पाठीमागे सगळे भोंगा म्हणतात आणि तोंडावर भाऊ, त्यांनी माझ्याकडे बोट केले.

"हा पोरगा कुणाचा?"

"कुणाचाच नाही," टेकडीच्या काकू म्हणाल्या. "आईबाप गेले बिचाऱ्याचे. एक बहीण आहे, ती परगावी."

"मग झालं की! कुणाचाच नाही म्हणजे सगळ्यांचा!"

पुलाचे प्रमुख मधवाले आप्पा म्हणाले, "बघू." आप्पांचे 'बघू' म्हणजे होकार असतो, हे मला पुढे कळले. मला कोणी विचारले नाही. मी आपणहून म्हणालो, "दुसरा माणूस मिळेपर्यंत." ते कोणी ऐकले असे दिसत नाही.

व्यवस्था चांगली चालली, हे माझे दुर्दैव. व्यापाऱ्याची ती चाल बंद पडली. टेकडीच्या ज्या बायका अर्धा माल पुन्हा डोक्यावर घेऊन घरी जात, त्या आता रिकाम्या टोपल्या हलवत, गप्पा मारत जातात. ते पाहिले की बरे वाटते, आणि बरे वाटले की आपण आणखी रुतलो हे कळते. काम वाईट असते तर कधीच सोडले असते.

सोडून पाहिलेही. भर सभेत किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला.

"ठेव, ठेव," भाऊ म्हणाले. "निवांत चहा पी. मग उचल."

"हा गेला तर या माणसाच्या शेजारी मी बसायची नाही, सांगून ठेवते," काकू म्हणाल्या.

"मी तरी कुठं मरतोय तुमच्या शेजारी बसायला!"

त्यावर दोघे उठून उभे राहिले. बाहेर ट्रक भरून उभा होता, भाजी उन्हात होती. मी चहा प्यालो आणि जुडगा उचलला. विषमज्वराने पडलो तेव्हा तिघेही बघायला आले. फळे आणली आणि ट्रक आधी कुठे न्यायचा हे भांडणही आणले. काकू एका हाताने माझ्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होत्या आणि दुसऱ्या हाताने भाऊंना बोट दाखवत होत्या. निर्णय मीच दिला. ताप किती होता ते आठवत नाही.

कलम तिसरे. बाजार उघडण्याची पितळी घंटा मी स्वतःच्या पैशाने घेतलेली आहे. ती भाऊंना द्यावी. त्यांच्या आवाजाला घंटेची गरज नाही, पण हात गुंतला की टेबल कमी आपटतील. माझी काळी छत्री काकूंना द्यावी. ती त्यांचीच आहे असे त्या पहिल्यापासून म्हणतात. ती माझी आहे. तरी द्यावी. आप्पांना काय द्यावे ते सुचत नाही. बघू.

कलम चौथे. आमच्या बाजारांत एक रीत आहे. बसणारे माणूस वारले की शेजारी त्याचे पोते त्याच्या जागेवर अंथरतात, त्यावर मूठभर ताजा माल ठेवतात, आणि घरचे कोणी येऊन बसेपर्यंत आजूबाजूचे कोणी विकत नाही. जागा घरातच राहावी म्हणून ही माया. गेल्या महिन्यात पुलाच्या बाजाराचा चौकीदार वारला. त्याची मुलगी शहरात परिचारिकेचे शिकते, ती बापासाठी आली होती. परत जाताना ती फाटकापाशी पोचली, तर पोते अंथरलेले. त्यावर वाटाण्याच्या शेंगा. सगळा बाजार हात बांधून उभा, कोणी एक शब्द बोलेना. भाज्या माना टाकत होत्या. ती म्हणाली, "बरं, आजच्यापुरती बसते."

ती अजून बसलेली आहे. तिची शहराची पिशवी स्टुलाखाली तशीच आहे, मी रोज पाहतो.

बँकेतली माझी जी शिल्लक असेल ती, माझ्यामागचा खर्च भागवून, त्या मुलीला द्यावी. अट एकच, ती तिथून उठली पाहिजे.

कलम पाचवे. व्यवस्थापकाची जागा. माझ्यामागे माझ्या खुर्चीवर पोते अंथरले जाईल आणि सगळे माझ्या बहिणीची वाट बघत उभे राहतील, हे मला डोळ्यांपुढे दिसते. बहीण परगावी चष्म्याच्या दुकानात भिंगे घासते. तिचे काम चोख आहे आणि सहा वाजता संपते. मी तिला हे बोललो तेव्हा ती हसली.

"मी काय खुळी आहे बसायला?"

"चौकीदाराची मुलगी खुळी नव्हती."

"दादा, मी सरळ नाही म्हणेन."

"टेकडीच्या बायका टोपल्या घेऊन तुझ्यासमोर उभ्या राहतील. त्यांना म्हणशील?"

ती माझ्याहून मऊ आहे.

म्हणून लिहितो की ही जागा मी बहिणीला देत नाही. भाऊ, काकू आणि आप्पा या तिघांना ती मिळून देतो. त्यांनी ती पाळीपाळीने, दर वेळी दुसऱ्याच्या बाजारात बसून चालवावी. भाऊंनी टेकडीवर बसावे, काकूंनी पुलावर, आप्पांनी नदीवर, मग फिरवावे. हे मी एकदा सभेत सुचवले होते, तेव्हा तिघे हसले. तिघे एकाच गोष्टीला हसल्याचे तेवढे एकदाच पाहिले. मेलेल्याने दिलेली जागा आमच्याकडे कोणी नाकारत नाही, म्हणून पुन्हा सुचवतो.

~~कलम सहावे. गोदामावरची वरची खोली मी स्वतःच्या कमाईने बांधली असून ती माझ्या बहिणीला द्यावी.~~

हे कलम मी स्वतः खोडले आहे, बाजूला सही आहे. कारण लिहितो. ही खोली तिला फार आवडते. इथे सकाळचे ऊन येते. परगावचे भाडे सोडून कधीतरी इथे राहावे असे तिच्या मनात होते. पण खोलीचा जिना गोदामातून आहे आणि किल्ली त्याच जुडग्यात आहे. परवा भाऊ सहज बोलून गेले, "खोली ज्याची, जुडगा त्याचा!" काकूंनी मान डोलावली. एरवी भाऊंच्या बोलण्यावर काकू मान डोलावत नाहीत.

मी दस्त लिहिणाऱ्या बाईंकडे गेलो. त्यांनी सगळे वाचले आणि म्हणाल्या, "साक्षीदार म्हणून बहिणीची सही घेऊ नकोस हं. साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. लोक हमखास हीच चूक करतात."

"काहीच मिळत नाही?"

"काडीसुद्धा नाही."

जागांच्या वाटणीतही आमच्याकडे तेच आहे. वाटणीवर साक्ष दिलेल्याला त्यातली जागा घेता येत नाही, आणि हा नियम भाऊंनीच मोठ्या अक्षरांत तिन्ही फाटकांवर लावलेला आहे. तेव्हा बाजारालाही तो मोडता येणार नाही.

कलम सहावे, नवे. वरची खोली ज्याची पाळी असेल त्याने वापरावी.

काल बहीण आली तेव्हा तिला हे सांगितले.

"म्हणजे खोली गेली?"

"गेली."

ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. खाली कोणीतरी क्रेट आपटत होते.

"पडद्याचं कापड बघून ठेवलं होतं रे मी," ती म्हणाली. मग म्हणाली, "दे पेन."

आधी मी सही करायची असते, तीही दोन्ही साक्षीदारांसमोर, हे तिला सांगावे लागले. म्हणून हे मृत्युपत्र इथे संपवतो. याआधी मी दुसरे कोणतेही केलेले नाही. वर लिहिलेले सर्व मला मान्य आहे, फक्त व्यवस्थापक हा शब्द मान्य नाही, पण दुसरा सापडला नाही.

ठिकाण: गोदामावरची खोली.
दिनांक: महिन्याचा दुसरा सोमवार. त्या दिवशी तिन्ही बाजार बंद असतात.

(सही) मृत्युपत्र करणारा

साक्षीदार क्रमांक एक: दस्त लिहिणारी. करणाऱ्याने माझ्यादेखत सही केली. सही करताना खालून तीनदा हाक आली, तिन्ही वेळा त्याने "आलो" म्हटले. (सही)

साक्षीदार क्रमांक दोन: करणाऱ्याची सख्खी धाकटी बहीण. दादाने माझ्यादेखत सही केली. यातून मला काही मिळणार नाही, हे मला समजले आहे. तो जिवंत असताना सुटेल असे एखादे कलम घाल, असे मी त्याला म्हणाले. तो म्हणाला, ते मृत्युपत्रात बसत नाही. आणि जुडगा घेऊन खाली गेला. (सही)