आमच्या शेजारी ती शाळा नको

४ मार्च
नवीन वही घेतली. रोज एक मत लिहायचं ठरवलंय. मला सगळ्या गोष्टींवर मतं आहेत, फक्त चारचौघांत बोलायला गेलं की घसा बंद होतो. नवरा म्हणाला, तुझं मत विचारलंय कुणी? म्हणून वही.

मत एक. सरकार म्हणतं देशात पोरं कमी झाली, जन्माला घाला. मी तेविसाव्या वर्षी घातली. आता कॉफीच्या दुकानावर पाटी लावलीय, लहान मुलांना प्रवेश नाही. मग ठेवू कुठे तिला, खिशात?

मत दोन. बाहेरच्या देशातले कामगार नकोत. (सासूबाईंना सांभाळणारी बाई चीनमधली आहे. ती वेगळी. ती चांगली आहे.)

मत तीन. पुरुषांसारखं बायकांनीपण सक्तीने सैन्यात जावं म्हणतात. जाऊ की. साडेतीन वर्षं मी सलग झोपले नाहीये. बराकीत निदान दिवे वेळेवर बंद होत असतील.

एका दिवसात तीन झाली. परवापर्यंत सुट्टी.

६ मार्च, दुपारी
आमच्या कॉलनीत सहा इमारती. १०१ ते १०५ मालकीच्या, आमची १०६ सरकारी भाड्याची. मधे कुंपण नाही, पण आहे. आज १०१ मधली सेजुनची आई कचऱ्याच्या पेट्यांपाशी स्वतःहून माझ्याशी बोलली. ती रहिवासी समितीची अध्यक्ष. म्हणाली, अहो, तुम्ही १०६ च्या ना? एरवी हा प्रश्न वेगळ्या आवाजात येतो. आज गोड आवाजात आला.

गोष्ट अशी की शेजारची प्राथमिक शाळा मुलं नाहीत म्हणून बंद पडलीय. तिथे आता विशेष शाळा होणार. म्हणजे तशा मुलांची. समितीला तिथे पोहण्याचा तलाव हवाय. १०६ मधून साठ सह्या गोळा करायचं काम मला दिलं! पहिली सही माझीच. मला ग्रुपमध्येपण घेतलं. ग्रुपचं नाव, आपली मुलं सुरक्षित.

दाओनने तेवढ्यात पेटीचं झाकण फिरवायला घेतलं. सेजुनची आई म्हणाली, शांत आहे हो तुमची मुलगी. मी म्हटलं, हो, फार शहाणी आहे.

९ मार्च
आजचं मत मोठं आहे. माझ्या मनात त्या मुलांबद्दल वाईट काही नाही. बिचारी. पण इथे नको. दुसरीकडे कुठेही करा. तिथल्या लोकांनी समजून घ्यायला पाहिजे.

मला भीती वाटते, खोटं कशाला लिहू. आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर हान्ग्योल आहे, नऊ वर्षांचा. लिफ्टमध्ये सगळी बटणं दाबतो आणि हं हं हं करत राहतो. आज आम्ही त्याच्याबरोबर अडकलो, तो चौथ्यावर उतरेना, आमच्या आठव्यापर्यंत प्रत्येक मजल्यावर दार उघडं. दाओन कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, लाजाळू आहे. पण त्याच्याकडे बघितलं. हसलीसुद्धा. मी तिची टोपी ओढून डोळ्यांवर आणली. असा त्रास होतो लेकराला.

१२ मार्च
मुलांच्या सरकारी तपासणीचा फॉर्म भरला. आईनेच भरायचा असतो. प्रश्नापुढे चार खाने. चांगलं जमतं, जमतं, फारसं जमत नाही, अजिबात जमत नाही. एकावर गोल करायचा.

हाक मारल्यावर बघते का? पाच वेळा मारली. सहाव्यांदा तिच्या आवडत्या समुद्रशेवाळाचं पाकीट फोडलं, तेव्हा बघितलं. चांगलं जमतं.
दोन शब्दांचं वाक्य बोलते का? ती ‘ए, ए’ म्हणते. दोन झाले. चांगलं जमतं.
हवी ती वस्तू बोटाने दाखवते का? ती माझाच हात धरून फ्रिजवर नेऊन ठेवते. म्हणजे स्वतःचं बोटसुद्धा वापरावं लागत नाही. उलट जास्त हुशार. चांगलं जमतं.

सगळेच्या सगळे गोल पहिल्या खान्यात. डॉक्टरांनी फॉर्म बघितला, मग दाओनला बघितलं, मग परत फॉर्म. बोलत नाही का फारशी? मी म्हटलं, बापावर गेलीय, तो पण चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. हे खरं आहे. अजूनही कुठे बोलतो?

डॉक्टर म्हणाले, मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी देऊ का? मी नको म्हटलं. पहिल्या वाढदिवसाला, मूल जे उचलेल तसं त्याचं पुढे होतं म्हणून, ताटात दोरा, पेन, चेंडू सगळं मांडलं होतं, त्यातून दाओनने न्यायाधीशाचा हातोडा उचलला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. न्यायाधीशाला बडबड कशाला लागते?

(मग तिने तो हातोडा फरशीवर तासभर गरगर फिरवला. ते फोटोत नाही.)

१७ मार्च
सह्या एकतीस. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना वाटलं लिफ्टच्या दुरुस्तीचा कागद आहे. पटकन सही केली. मी काही बोलले नाही. लिफ्ट पण दुरुस्त व्हायलाच पाहिजे.

सातव्या मजल्यावरची आजी तोंडाळ. म्हणाली, काय गं, ती पोरं तुला खातात का? मी म्हटलं, आजी, सुरक्षिततेचा प्रश्न आहे. ती म्हणाली, त्या १०१ वाल्या बाईच्या कुत्र्याने माझी पोटरी फोडली तेव्हा कुठे होती तुझी सुरक्षितता? दार लावून घेतलं. सही नाही.

दारं ओळीने वाजवत होते, त्या नादात चौथ्या मजल्यावर ४०२ वाजवलं. हान्ग्योलच्या आईने उघडलं. माझ्या हातात तो कागद. तिने घेतला आणि शेवटपर्यंत वाचला. मला वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. दाओन जिन्यापाशी बसून भांड्याचं झाकण फिरवत होती. घरून आणलं होतं, नाहीतर ती चालत नाही. ती बाई तिच्याकडे बघत राहिली. नाव विचारलं. वय विचारलं. मग म्हणाली, मी पण तीन वर्षं ‘चांगलं जमतं’ वर गोल केले होते.

कागद परत दिला. म्हणाली, आमची बस सहा चाळीसला येते, शाळा दीड तास लांब आहे, लवकर झोपावं लागतं. अंगणात पाऊस पडतोय सांगावं तसं सांगितलं.

मी लिफ्ट न घेता जिन्याने आले. तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं नाही.

१८ मार्च
कळलं नाहीच.

२१ मार्च
पाळणाघरातल्या बाईंनी निरोपाच्या वहीत लिहिलंय, गाण्याच्या वेळी दाओन कान झाकून टेबलाखाली बसते, एकदा भेटून जा. मी उत्तर लिहिलं, टेबलाखाली ऊब असेल, हीटर वाढवा.

मत. हल्लीच्या शिक्षिका बिनलग्नाच्या असतात, त्यांना काय कळतं.

संकल्प. ३१ तारखेपर्यंत दहा शब्द. आई, बाबा, पाणी, भात, दे, ये, नको, बूट, केळं, कुत्रा. दिवसाला एक. सोपं आहे. आज ‘आई’.

२२ मार्च
आज पण ‘आई’.

२६ मार्च
‘आई’ अवघड शब्द आहे. ‘पाणी’पासून सुरू करते.

३१ मार्च
शब्द शून्य. सह्या मात्र साठ पूर्ण! सेजुनच्या आईने ग्रुपवर माझं नाव घेऊन कौतुक केलं. म्हणजे माझं नाव नाही, दाओनची आई. लग्नानंतर माझं नाव तसंही कुणी घेत नाही. चौदा जणींनी वर केलेला अंगठा पाठवला. चार तारखेला शाळेबद्दल सभा आहे, त्यात मी बोलायचंय. तीन ओळी. त्यांनी लिहून दिल्यात.

सासूबाईंचा फोन होता. पोरगी बोलली का? मी म्हटलं, बोलते की. त्या म्हणाल्या, दे फोन तिच्याकडे. मी म्हटलं, झोपलीय. दाओन माझ्यासमोर झाकण फिरवत होती. आवाज फोनवर गेला असणार. सासूबाईंनी विचारलं, कसला गं आवाज? मी म्हटलं, पंखा. आमच्याकडे अजून हीटर चालू आहे.

४ एप्रिल, संध्याकाळी
आज सभा झाली.

हॉल भरला होता. लाल अक्षरांचे फलक. नवरा गाडीवर, कुरिअरचा सीझन, म्हणून दाओनला बरोबर न्यावं लागलं. झाकण घरी ठेवलं. चारचौघांत बरं दिसत नाही.

आधी हान्ग्योलची आई बोलली. शाळा झाली तर माझा मुलगा चालत जाईल, एवढंच. मागून एक माणूस म्हणाला, चालत जाईल तीच तर भीती आहे! लोक हसले. मी पण हसले. सगळे हसत होते.

मग माझा नंबर. घसा बंद झाला नाही! तीन ओळी न अडखळता वाचल्या. आम्हालाही त्या मुलांची कणव आहे. पण आमची मुलं घाबरतात. एका आईचं मन समजून घ्या.

टाळ्या. एवढ्या टाळ्या मला जन्मात मिळाल्या नव्हत्या.

आणि दाओन किंचाळली. कान दाबून जमिनीवर आडवी झाली. मी उचलायला गेले तर स्वतःचाच हात चावायला लागली, सोडेना. टाळ्या थांबल्या, ती थांबेना. तीनशे माणसं आणि तिचा एकटीचा आवाज. मागून कुणीतरी विचारलं, ही त्यांच्यातलीच बाई आहे का, शाळा मागणाऱ्यांतली? मी नाही नाही म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही. सेजुनची आई माझ्याकडे बघून हसली, आणि तिने आपल्या मुलाला उचलून दुसऱ्या बाजूला बसवलं. तेवढंच केलं.

हान्ग्योलची आई समोरून उठून आली. अंगातला जाड कोट काढून दाओनवर टाकला, डोक्यावरून, आणि नुसती शेजारी बसून राहिली. हात लावला नाही. हळूहळू कोटाच्या आतून आवाज बंद झाला.

मी सगळ्यांना सांगितलं, झोप आली होती तिला.

७ एप्रिल
ग्रुप उघडत नाहीये. मोबाईल जुना झालाय.

९ एप्रिल
मोबाईल ठीक आहे. मला काढलंय. चुकून बटण दाबलं गेलं असणार.

१० एप्रिल
दारावर चिठ्ठी. टाइप केलेली, नाव नाही. ‘८०३, मुलीचा आवाज बंद करा.’ आमच्या दोन्ही बाजूंचे लोक सही देताना किती गोड बोलले होते. बाहेर पावलं वाजली की दाओनच्या तोंडाशी माझा हात आपोआप जातो.

१४ एप्रिल
दुसरी चिठ्ठी. ‘अशांची जागा कुठे असते ते तुम्हीच सभेत सांगितलंत.’
मी असं कुठे सांगितलं? मी तीनच ओळी वाचल्या. त्यापण माझ्या नव्हत्या.

नवऱ्याला दाखवली. त्याने दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली. मग जेवताना म्हणाला, मी सहा वर्षांचा होईपर्यंत बोललो नव्हतो. चार नाही. आईने सगळ्यांना चार सांगितलंय. मी म्हटलं, बघ, म्हणजे अजून अडीच वर्षं आहेत आपल्याकडे. तो म्हणाला, माझ्या काकाचा मुलगा तर अजून बोललेला नाही. मी विचारलं, कुठला काकाचा मुलगा? लग्नात कुणी दिसला नव्हता. तो म्हणाला, त्याला लग्नाला आणलं नव्हतं.

२२ एप्रिल
कॉलनीच्या कमानीवर नवा फलक. रहिवाशांचा विजय. शाळा रद्द, तलाव होणार. जिंकलो! १०१ कडून घरोघरी तांदळाचे केक वाटले. आमच्याकडे आले नाहीत. आठव्या मजल्यापर्यंत येता येता संपले असतील.

बंद शाळेच्या खिडक्या गॅलरीतून दिसतात. सगळ्या काळ्या. दाओन उभी राहून तिकडेच बघते. आज मी तिला दहा वेळा हाक मारली. शेवाळाचं पाकीट फोडलं नाही. मुद्दामच. नुसती हाक मारली.

२३ एप्रिल
४०२ चं दार वाजवलं. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, एक शब्द आठवला नाही. हान्ग्योलची आई म्हणाली, मोठ्या हॉस्पिटलचा नंबर देते, आज नाव लावलंत तर कधीतरी तारीख लागेल. मग विचारलं, तुमचं नाव काय? म्हटलं, दाओनची आई. ती म्हणाली, ते माहितीये.

सांगितलं. ग्योंगसुक. किती दिवसांनी तोंडातून निघालं.

९ जून
हॉस्पिटल झालं. कुणाची तरी तारीख रद्द झाली म्हणून लवकर लागलं. तिथेही तोच फॉर्म होता. सगळे गोल शेवटच्या खान्यात केले. अर्धा तास लागला. मागच्या वेळी पाच मिनिटं लागली होती.

आज शिक्षण कार्यालयात नाव घालायला गेले. हान्ग्योलची आई बरोबर आली, मला एवढे कागद समजत नाहीत. खिडकीतल्या मुलीने सांगितलं, विशेष शाळेच्या बालवर्गात जागा नाही, तुमचा नंबर एकोणचाळीस. लागला तरी एका बाजूला दीड तास. मी विचारलं, घराजवळ काहीच नाही का हो?

ती चांगली होती. तिने पत्ता बघितला. म्हणाली, अरेरे, तुमच्या अगदी शेजारीच होणार होती. बालवर्गसुद्धा होता त्यात. पण तिथल्याच लोकांनी सह्या करून बंद पाडली. आईबापच होते म्हणे सगळे. कशी माणसं असतात, नाही?

हान्ग्योलची आई शेजारी उभी होती. माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. दाओनच्या बुटाची पट्टी लावत होती.

मी म्हटलं, हो ना. कशी माणसं असतात.