रुचिकाच्या कॅबिनेटची खिडकी

२६ जून, गुरुवार
रुचिकाला नागपूरच्या कंपनीत ड्राफ्टिंगचं काम लागलं. एक ऑगस्टला जॉइन. सोबत तिचा कॉम्प्युटर नेणार. हा कॉम्प्युटर तिने मागच्या दिवाळीत एकेक पार्ट आणून स्वतः जोडला. माझ्याकडे स्क्रू धरायचं काम होतं. साकोलीच्या कॉलेजात बावीस वर्षं लॅब असिस्टंट असलेल्या बापाकडे स्क्रू!
आज जेवताना म्हणाली, मैत्रिणीच्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला, म्हणजे बाहेरच्या पत्र्याच्या खोक्याला, खिडकी आहे, आतलं सगळं दिसते. संकल्प: हिच्याही कॅबिनेटच्या पत्र्यात खिडकी कापून देणे. स्वतःच्या हाताने. एका रविवारचं काम. "राहू द्या ना बाबा," म्हणाली. संकोची पोरगी.

२९ जून, रविवार
पत्रा छपरीत आणला. पेन्सिलने रेघा मारल्या. काळ्या रंगावर पेन्सिल दिसत नाही. व्हिडिओत सांगतात, आधी सगळ्या पत्र्यावर कागदी टेप लावा, रेघा टेपवर मारा, रंगही खरचटत नाही. असे अकरा व्हिडिओ पाहिले. टेप लावली. तोवर दोन वाजले, पाठ भरून आली.
रुचिकाची आई शुभांगी शेतावरून आली. "अजी, धानाच्या रोवणीले बाया भेटून नाही राहिल्या, अन् तुम्ही टिनाले पट्ट्या चिकटवून राहिले?" तिला समजावलं, अशा कामात ऐंशी टक्के प्लॅनिंग असतं. ती हातपाय धुवायला निघून गेली.
म्हणजे ऐंशी टक्के काम आज झालं.

२ जुलै, बुधवार, संध्याकाळ
तेजरामकडे गेलो. आमच्या एकोडी गावात शटर-ग्रिलची सगळी कामं त्याचीच. जिगसॉ मागितली, पातं वरखाली हलवून कापणारी मशीन. म्हणाला, "टिन इकडे आना ना भाऊ, पाच मिनटात कापून देतो." नम्रपणे नाही म्हटलं. गेट वेगळं, प्रिसिजन वेगळं. घरी येऊन पाहतो तर मशीनला लाकडाचं पातं. त्याने सांगायला नको?

६ जुलै, रविवार
पातं आत शिरावं म्हणून चार कोपऱ्यांत चार छिद्रं पाडायची. आधी खिळ्याने खूण ठोकायची असते, म्हणजे ड्रिल घसरत नाही. हे चौथ्या छिद्रानंतर वाचलं. तीन छिद्रं रेघेच्या आत आहेत. चौथं बाहेर. ड्रिल तिथवर कसं गेलं तो रस्ताही पत्र्यावर उमटला आहे.
निर्णय: खिडकी मोठी करणे. जास्त दिसेल.
मग लाइन गेली. बरंच झालं.

१३ जुलै, रविवार
मागच्या सोमवारी लाकडाचं पातं चालवून पाहिलं होतं. त्याची नोंद केली नाही. पात्याचे दात गेले.
आज लोखंडासाठीचं, बारीक दातांचं पातं. पत्रा दोन फळ्यांत आवळून धरला तरी थरथरतो, सोबत आपली बत्तिशीही. शेजारची शकुनबाई कुंपणावरून विचारून गेली, गिरणी टाकून राहिले का?
पण कापलं! तीन बाजू सरळ. चौथीने वैनगंगेसारखं वळण घेतलं. कानशीने घासून सरळ करायला गेलो तर वळण आणखी खोल झालं. अंगठ्यात पत्रा घुसला. धनुर्वाताचं इंजेक्शन. डॉक्टरांना प्रोजेक्ट समजावून सांगत होतो, त्यांनी पुढचा पेशंट बोलावला.

१९ जुलै, शनिवार
भंडाऱ्याहून पारदर्शक ॲक्रिलिक आणलं. त्यावर संरक्षक कागद असतो, काम होईपर्यंत काढायचा नसतो. मी फक्त एका कोपऱ्यातून पाहिलं, किती स्वच्छ आहे. मग पूर्णच काढला. ओरखडे लांबून दिसत नाहीत.
स्क्रूसाठी छिद्र पाडताना ड्रिल फुल स्पीडवर होतं. कोपऱ्यापासून मध्यापर्यंत तडा. हल्ली ॲक्रिलिकमध्ये दम राहिला नाही.
माझ्यातही नाही. काल लॅबमध्ये बसल्याबसल्या डोळा लागला. प्रिन्सिपल साहेबांनी खोकून उठवलं.

२७ जुलै, रविवार
दुसरा तुकडा. या वेळी स्क्रू नाहीत, दोन्हीकडून चिकटणारी टेप. ही पद्धत मला पहिल्यापासून पसंत होती. कापलेल्या कडेवर खाचेची रबरी पट्टी चढवली. वैनगंगा अर्धी झाकली गेली. पत्रा कॅबिनेटला लावायला गेलो तर बसेना. ॲक्रिलिक पत्र्याएवढंच कापलं होतं, पत्र्याच्या कडा कॅबिनेटच्या खाचेत शिरत नव्हत्या. काढलं, लहान केलं, पुन्हा चिकटवलं. चार वाजता बसलं.
दोघींना बोलावलं. कॉम्प्युटर चालू केला.
खिडकीतून एक काळी लोखंडी प्लेट दिसली आणि वायरींचा गुंता. बोर्ड नाही, पंखा नाही.
रुचिका हळूच म्हणाली, "बाबा, हा उजवा पत्रा आहे. पार्ट डाव्या बाजूनं दिसते."
मी म्हणालो, मग आधी काहून नाही सांगितलं?
"मीच तर काढून दिला होता तुमाले. डावा बिघडला असता तर..."
शुभांगी म्हणाली, चहा ठेवते.
नीट विचार केला. वायरिंग बाहेरून तपासता येणं हीही सोय आहे. हे अजून कोणाच्या डोक्यात आलेलं दिसत नाही. पण आज ते कोणाला सांगायची ताकद नाही.

३१ जुलै, गुरुवार
रुचिकाला साकोलीहून नागपूरच्या बसमध्ये बसवून दिलं. कॅबिनेट गोधडीत गुंडाळून खोक्यात ठेवलं, खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: काच आहे, सांभाळा. आहे ॲक्रिलिक, पण कंडक्टरला कोण समजावणार? तिने पाया पडून "जातो बाबा" म्हटलं. मी म्हटलं, खिडकी ओल्या फडक्यानेच पुसायची. बस सुटली.

३ ऑगस्ट, रविवार
फोन आला. कॉम्प्युटर व्यवस्थित चालू झाला. मी विचारलं, खिडकी पाहून रूमवरच्या पोरी काय म्हणाल्या? म्हणाली, टेबल भिंतीला लागून आहे, ती बाजू भिंतीकडे आली. मग विचारलं, "अंगठा कसा आहे?" बरा आहे म्हटलं. फोन शुभांगीला दिला. दोघी पाऊण तास बोलल्या.
नंतर तांदूळ निवडता निवडता शुभांगीने सांगितलं, आता करमून राहिलं म्हणते. जुलैभर तिला जायचंच नव्हतं. अनोळखी शहर, एकटीनं राहायचं. कंपनीला नाही म्हणून कळवून टाकते म्हणत होती. दोनदा तर आतल्या खोलीत खूप रडली.
मी म्हटलं, मी तर घरीच होतो. कधी रडली?
"तुमची मशीन चालू राहे तेव्हा," शुभांगी म्हणाली. "तिले वाटे, त्या आवाजात कोनाले आयकू येत नाही."