संपतच्या लग्नाचा मुख्य फोटोग्राफर

२ फेब्रुवारी
ठरलं. संपतच्या लग्नाचे फोटो मीच काढणार. अण्णाने दुबईहून आणलेला कॅमेरा कपाटात पडूनच होता. संपतला सांगितलं तर तो डोकं खाजवत बसला. आनंदाने असणार, शाळेपासूनचा मित्र आहे. मग म्हणाला, सदानंदम मामा (आमच्याकडे दोस्ताला मामाच म्हणतात), जमेल ना रे तुला? मी म्हटलं, करीमनगरचे स्टुडिओवाले दुकानं विकतील बघ.
रोज सकाळी सराव करायचा.

५ फेब्रुवारी
सराव नाही. ढगाळ होतं.

९ फेब्रुवारी
अम्माचा फोटो काढला. ती म्हणाली, अरे मेल्या, याला आत्ताच हार घालून ठेव. घरात कलेची कदर नाही.
कॅमेऱ्याचं पुस्तक वाचायला घेतलं. ते अरबीत निघालं.

१४ फेब्रुवारी
पानवाल्याकडून कळलं, नवरीचे, म्हणजे मौनिकाचे वडील स्टुडिओवाला आणायचा म्हणतात. जावयाने काय उत्तर दिलं ते पानवाल्याला ठाऊक नाही. मी संपतला विचारणार नाही. त्याने आपणहून सांगायला हवं. बघू किती दिवस लपवतो.

१९ फेब्रुवारी
उद्या लग्न. संपतची आई भेटली. म्हणाली, बाळा, बाकीचे कसेही काढ. दोघं एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गुळाचा गोळा ठेवतात आणि अंतरपाट खाली येतो, तेव्हा एकमेकांना बघतात ना, तेवढा एक नीट काढ. माझ्या लग्नाचा एकही फोटो नाही रे.
मी म्हटलं, डोळे झाकून काढतो.
संपत अजून गप्पच.

२० फेब्रुवारी, सकाळी ९.१०
दगा! हॉलच्या जिन्यावर एक जाकीटवाला. गळ्यात दोन कॅमेरे, हातात दिव्याची पांढरी छत्री. वर मलाच विचारतो, अन्ना, प्लग कुठे आहे? म्हणजे संपतने सासऱ्याचं ऐकलं. मला नुसतं खेळवत ठेवलं.

९.४०
जेवणाच्या हॉलमध्ये कोपऱ्यात बसलोय. कॅमेरा बंद. आता संपतने यावं, हात धरावा, चुकलो म्हणावं. आमच्याकडे जावई रुसला तर अख्खं घर समजूत काढायला येतं. मी तर मित्र आहे.

१०.०५
कोणी आलं नाही. वाढप्याने पुलिहोरा, चिंचेचा भात, वाढला. खाल्ला, पण रागाने.

१०.२५
सनई-ढोल एकदम टिपेला. लग्न लागतंय वाटतं. लागू दे. काढेल त्याचा जाकीटवाला.

दुपारी
जाकीटवाला वरच्या मजल्यावरचा. तिथे वयात आलेल्या कुणा मुलीचा हाफ-साडीचा कार्यक्रम होता. मग तसं सांगायचं ना माणसाने!
संपतची आई शोधत आली. काढलास ना बाळा तो? मी मान हलवली. कुठल्या बाजूला हलली, मलाही सांगता येणार नाही.

२३ फेब्रुवारी
संपत आला, फोटो पाहिले. केळीचे खांब उत्तम आलेत. चपला, आचारी, पुरावा म्हणून जाकीटवाला तीनदा. तो फोटो कुठाय म्हणाला. मी बॅटरी संपल्याचं सांगितलं. तेव्हा कुठे त्याने तोंड उघडलं. सासरे स्टुडिओवाला आणणार होते, हा भांडला म्हणे. माझा सदा काढतोय, दुसरा आला तर त्याचा अपमान होईल, म्हणाला. तू कुठे होतास रे मामा? मी अंतरपाटामागून तुलाच शोधत होतो.
हे आधी नको होतं सांगायला? चूक दोघांची आहे.

२७ फेब्रुवारी
संपतच्या आईच्या हट्टापायी आज स्टुडिओत तो प्रसंग पुन्हा केला. मौनिकाने तीच साडी नेसली. अंतरपाटाचं एक टोक मला धरायला दिलं. सोडा म्हटल्यावर सोडलं. आठवडाभर एका घरात राहिलेल्या माणसांनी बघावं तसं दोघांनी एकमेकांकडे बघितलं. फोटोवाला म्हणाला, ताई, जरा लाजा की.
आईने फोटो हातात घेतला. छान आलाय म्हणाली, पण मग मला विचारलं, त्या दिवशी दोघांचे चेहरे कसे होते रे? मी गर्दीत मागे होते, तू तर पुढेच असशील.
मी तेव्हा जेवणाच्या हॉलमध्ये रुसून बसलो होतो. दगा संपतने नाही दिला, मी दिला. फोटो राहिला तो राहिलाच. माझ्या जिवलग मित्राचं लग्न झालं आणि ते मी पाहिलंच नाही.