खाली गेलेली खुर्ची

मुकुंदवाडी, औरंगाबाद
ता. ९ नोव्हेंबर २०१५

प्रिय आवडाबाई,

तुला आजीचं नाव ठेवलं आहे, तर ते पुरतं लिहावं. त्याआधी 'डॉक्टर' लावायचं मुद्दाम राहू दिलं आहे, ते पुढं येईल.

सगळ्यात आधी एक गंभीर तक्रार नोंदवून घे. ऑगस्टात मला डेंग्यू झाला आणि तू चार दिवस माझ्या जागी दवाखान्यात बसलीस, तेव्हा माझी फिरती खुर्ची तू खाली केलीस. ती आजतागायत वर आलेली नाही. सोनाजी कंपाउंडरनं खटका ओढला, तेल घातलं, खुर्ची उलटी करून तिच्या पोटात डोकावून पाहिलं आणि शेवटी निदान केलं, "तायडीनं बसवली तशी बसली, आता उठत नाय." टेबल माझ्या छातीला लागतं. सव्वीस वर्षं मी पेशंटकडं वरून पाहिलं. आता स्टुलावरचा माणूस आणि मी नाकासमोर नाक. पहिल्या बाकावर आणून बसवलेल्या ढ पोरासारखा दिसतो, असं तुझी आई म्हणते. तिला एवढा आनंद झालेला मी फार दिवसांनी पाहिला.

बाकी इकडं नेहमीचंच. काल सत्तर पेशंट झाले. त्यात तापाचे वीस, बीपीचे दहा, सासूला कंटाळून डोकं दुखणाऱ्या दोघी, आणि उरलेले दुसऱ्या डॉक्टरांच्या फायली घेऊन आलेले. शहरभर तपासण्या करून आलेला माणूस शेवटी फाईल माझ्यापुढं ठेवतो आणि विचारतो, "घेऊ का ह्या गोळ्या?" हृदयाच्या डॉक्टरानं दिलेल्या गोळीला माझी परवानगी लागते. परवा शेंद्र्याला लग्नाला गेलो, तर हातात अक्षता असताना शेजारच्यानं जीभ बाहेर काढून दाखवली. मी ती बघितली. न बघून जातो कुठं?

एक गोष्ट तू कधी विचारली नाहीस म्हणून सांगितली नाही. मी इथं दोन वर्षांसाठी आलो होतो. आपल्या घरात माझ्याआधी मेंढरांच्याच रोगावर इलाज व्हायचा. घाटीच्या सरकारी मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडलेला मी पहिला. पुढं बालरोग शिकायचं होतं, तोवर हात बसावा म्हणून हा गाळा घेतला. पहिले सहा महिने पुस्तकाप्रमाणं वागलो. विचारायचो, तपासायचो, समजावून सांगायचो, गरज असेल तरच गोळ्या लिहायचो. लोक अदबीनं ऐकून घ्यायचे आणि समोरच्या दवाखान्यात जाऊन सुई टोचून घ्यायचे. त्या समोरच्याची पदवी कोणी पाहिली नव्हती, सुई सगळ्यांनी पाहिली होती. एके दिवशी अंग दुखतं म्हणणाऱ्या एका हमालाला मी जीवनसत्त्वाची सुई दिली. गरज नव्हती. आठवडाभरात बाकावर बसायला जागा उरेना, आणि डॉक्टरच्या हाताला गुण आला अशी बोलवा झाली. दोन वर्षांची सव्वीस झाली. दर पाडव्याला ठरवतो, उद्यापासून बंद. उद्याचा पहिला पेशंट बाही वर करूनच आत येतो.

तू चार दिवसांत एकही सुई दिली नाहीस, हे सोनाजीनं मला तापातच येऊन कळवलं, कोणी वारल्याचं सांगावं तशा आवाजात.

पाचव्या दिवशी मी परत बसलो आणि दगडाबाई आल्या. त्या स्टेशनामागं राहतात, नातू सदा कडेवर. तुला आठवतील, तू त्यांना अर्धा तास बसवलं होतंस. म्हणाल्या, "पोरगी गुणाची हाय तुमची, पर नुसतं इचारती. भूक लागती का, राती घाम येतो का. अन् हातात कागूद दिला. सुई काय दिली नाय." सगळा बाक हसला. त्या हसण्यात मीही सामील झालो. "नवी हाय, शिकंल," म्हणालो. तू पडद्यामागं पिशवी भरत होतीस. आपला पडदा काही जाड नाही. तुझी चिठ्ठी त्यांच्या हातातून घेऊन मी खणात टाकली, खोकल्याचं औषध दिलं आणि सुई टोचली. जाताना म्हणाल्या, "आता कसं लई बरं वाटतंय."

दुसऱ्या दिवशी तू अजिंठ्याकडच्या तुझ्या आरोग्य केंद्रात हजर झालीस. नेमणूक संपली की इथंच येऊन बसेन म्हणत होतीस, ते परत काढलं नाहीस. फोनवर आईशी तासभर, माझ्याशी "बरी आहे." कामात असेल, असं मी समजत राहिलो.

दगडाबाई दर आठवड्याला येत राहिल्या. खोकला तोच, सुई तीच. लुगड्याचा वेढा कमरेला एक जास्तीचा घ्यावा लागतोय हे मला दिसत होतं. म्हातारपण म्हणून मी ते सोडून दिलं. गेल्या सोमवारी स्टुलावर बसून खोकताना त्यांनी पदर तोंडाला लावला. माझी खुर्ची वर असती तर मी कागदात बघत असतो. खाली होती म्हणून पदर समोरच आला. लाल होता.

त्या गेल्यावर खण उघडला. तुझं अक्षर: 'दगडाबाई, वय अंदाजे ६७ (१९४८च्या पोलीस ॲक्शनच्या वेळी पाळण्यात होत्या). तीन आठवडे खोकला, संध्याकाळी ताप, वजन कमी. थुंकीची तपासणी, छातीचा फोटो. टीबी?' इतकी वर्षं त्या माझ्याकडं येतात, मी त्यांना वय विचारलं नव्हतं. दर खेपेला साठ लिहायचो.

टीबीच निघाला. सरकारी केंद्रातून सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत. नातवाचा फोटो साफ आला, पण त्यालाही खबरदारी म्हणून गोळ्या द्यायच्या आहेत. अडीच महिने ते लेकरू त्या छातीला लागून झोपलं, ते माझ्यामुळं.

काल मी त्यांच्या घरी गेलो. सून होती, शेजारच्या तिघीजणी होत्या, ते बरंच झालं. तुला हसणारा बाकही भरलेलाच होता. म्हणालो, पोरीनं दुखणं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, तिचा कागद मी दाबून ठेवला. दगडाबाई म्हणाल्या, "मंग तुमी सुई कशाची देत व्हता?" आज सकाळी अकरा सुया दिल्या, आणि प्रत्येक वेळी तो प्रश्न ऐकू आला, तरी दिल्या.

पत्र लिहायचं कारण एवढंच. केंद्रावर दगडाबाईंचा कागद भरताना, रोगाची शंका आधी कोणाला आली, असं तिथल्या माणसानं विचारलं. मी तुझं नाव सांगितलं, डॉक्टर लावून. इथं ये असं मी म्हणत नाही; या जागेवर बसलेला माणूस उठत नाही, सोनाजी खुर्चीबद्दल म्हणतो त्यात तथ्य आहे. तू तिकडं विचारत राहा, अर्धा तास लागला तरी. तुझी चिठ्ठी सोबत ठेवली आहे. घडीवर चुरगळली आहे आणि कोपऱ्याला स्पिरिटचा डाग पडला आहे. तुझ्या सहीखाली थोडी जागा होती. तिथं 'निदान बरोबर, उशीर माझा' असं लिहून मी सही केली आहे, कालच्या तारखेची.

तुझाच,
आप्पा