सरावाचं घर

सोमवार, ४

आजपासून मी सरकारी माणूस! नव्या नोकरीबद्दल चिऊने ही जाडजूड वही भेट दिली आणि रोज लिहायची अट घातली. तेरा वर्षांची पोर आईला गृहपाठ देते, म्हणजे आमच्या घरात कोण कुणाला वळण लावतंय ते कळलंच असेल.

ऑफिस कोर्टाच्या मागे, पिवळ्या इमारतीत आहे. माझं टेबल खिडकीजवळ. त्याचा खालचा खण गुडघ्याने दणका दिल्याशिवाय उघडत नाही, पण आहे तो माझा. दाराशी पालकांसाठी एक लांब बाक आहे. चोरीमारीत सापडलेल्या मुलांना कोंडून न ठेवता घरीच, आमच्या देखरेखीखाली ठेवतात. त्यांचे आईबाप त्या बाकावर बसून आपापल्या पायांकडे बघत असतात. आम्ही त्या मुलांच्या घरी जायचं, घर बघायचं आणि कोर्टाला कळवायचं. हे काम मला जमेल. माणसं मला कळतात.

त्याआधी शिक्षण. शिक्षक नाही, वर्ग नाही. कॉम्प्युटरवर धडे, कानाला हेडफोन, आणि ज्याने त्याने आपापल्या गतीने शिकायचं. आमच्या वरिष्ठ बाई, ज्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणतात, त्यांनी सांगितलं की घाई नाही, स्पर्धा नाही. धडे संपले की खरी मुलं सोपवतील. मला तर आत्ताच हवी आहेत.

बुधवार, ६

माझ्याबरोबर आणखी एकजण नवी लागली आहे. माझ्याच वयाची. केस चापूनचोपून बांधलेले, पेन्सिलीला टोक, बोलणं असं की लोण्याला लाज वाटावी. मी मनातल्या मनात तिचं नाव गुणवंती ठेवलंय.

कॉम्प्युटर उघडला की वर दोन रेघा दिसतात. एक माझी, एक तिची, कोण कुठवर पोचलं ते दाखवणाऱ्या. तिची माझ्या दुप्पट! स्पर्धा नाही म्हणे, मग दोन रेघा कशाला दाखवता? आज तिने विचारलं, कुठे अडलं तर मदत करू का. मी इतकं हसून नको म्हटलं की जबडा दुखला. चहा पिताना तिने आपण होऊन सांगितलं की ती एकटीच राहते, नवरा नाही, मूलबाळ नाही. मला बरं वाटलं. वाईट वाटायला हवं होतं, पण बरं वाटलं. घर आणि लेकरू, एवढ्यात तरी मी तिच्या पुढे आहे.

शनिवार, ९

नवरा आला. तो गावोगावी लिफ्ट दुरुस्त करत फिरतो, शनिवारी घरी येतो, आला की बूट नेमके वाटेत काढतो. जेवताना मी गुणवंतीचं पुराण लावलं. त्याने विचारलं की शाळेत पहिल्या बाकावरच्या मुलीशीही तुझं असंच होतं का. चिऊ म्हणाली, आईच्या पोटात दुखतंय. दुखतंयच. नाकारत नाही.

एक गोष्ट फक्त इथे लिहिते. मी धडे घरी आणते, आवाज बंद करून चालू ठेवते आणि बटाटे सोलत बसते. धडा आपला पुढे सरकत राहतो, आणि माझी रेघही. आज ती गुणवंतीच्या रेघेजवळ पोचली.

मंगळवार, १२

आज लेखी सराव. एक काल्पनिक घर रचायचं, त्यातली एक मुलगी चोरी करताना सापडलेली. घरात तिला धोका कुठला, तेही लिहायचं. दिसलं ते लिहा, वाटलं ते लिहू नका, हा इथला पहिला नियम. दुसरा नियम मॅडमनी तोंडी सांगितला, की स्वतःचं घर किंवा ओळखीचं माणूस घ्यायचं नाही. मी का विचारलं तर म्हणाल्या, आपल्यात तशी पद्धत नाही.

गुणवंतीचं दुसरं पान सुरू झालं होतं. रचत बसायला वेळ कुणाला आहे? मी सरळ आमचं घर उतरवलं. निळा दरवाजा, गळका नळ, चिऊची खोली, चिऊचं वय. तिने दुकानातून लाल कंगवा चोरला असं लिहिलं. वडिलांबद्दल भरायचा भाग फार लांबलचक होता, म्हणून वडील नाहीत असं लिहून मोकळी झाले. धोका हवा म्हणून आई वाईट केली. दंडाला चिमटे काढते, खोलीला बाहेरून कडी लावते. शेवटी मुलीचं म्हणणं तिच्याच शब्दांत द्यायचं होतं. मी लिहिलं, 'आई घरी नसली की मला बरं वाटतं.' हे वाक्य सुचलं तेव्हा मी स्वतःवरच खूश झाले.

आणि तिच्या आधी संपवलं!

गुरुवार, १४

सराव म्हणून दोघींनी लिहिलेल्या घरांची अदलाबदल केली. माझं घर गुणवंतीकडे गेलं. मॅडमनी माझं लिखाण वाचून सगळ्यांसमोर सांगितलं की अगदी खरंखुरं वाटतं. गुणवंतीचा चेहरा बघायला मी मुद्दाम वळले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पण ते माझ्यावर जळून आलेलं नव्हतं. त्या मुलीला काय आवडतं, हे तिला मला विचारायचं होतं. मी म्हटलं, अगं, ती खोटी आहे. ती म्हणाली, हो, पण आता ती माझ्याकडे आहे ना.

तिचं घर मला मिळालं होतं. मी ते उघडलंसुद्धा नाही, नुसती झाल्याची खूण केली.

रविवार, १७

काल नवरा आला नाही. फोन लावला तर असा नंबरच नाही म्हणतात. कुठेतरी आडगावी अडकला असेल.

चिऊच्या दप्तरात लाल कंगवा सापडला. त्याला दुकानाची चिठ्ठी तशीच लटकत होती. ती म्हणते, कुठून आला माहीत नाही. मी खूप बोलले तिला. मग आठवलं की लाल कंगवा मी लिहिला होता, आणि घरात त्याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. योगायोग असतात. लाल कंगवे काय कमी असतात जगात?

मंगळवार, १९

ऑफिसातून आले तर गुणवंती माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या खुर्चीवर. समोर चिऊ, खिदळत. मी विचारलं, पत्ता कुणी दिला? ती गोड हसून म्हणाली, तुम्हीच तर लिहिलं होतं, निळा दरवाजा, गळका नळ. गृहभेट आहे, न कळवताच जायचं असतं, धड्यात सांगितलंय. मी तो धडा पाहिलेला नाही. बटाटे सोलत होते.

चिऊची वेणी तिने घातली होती. त्या लाल कंगव्याने. वर्षभर ही पोर मला केसांना हात लावू देत नाही, लावला की मान झटकते, आणि हिच्यापुढे कशी मान खाली घालून बसली होती! ती गेल्यावर चिऊने सांगितलं की मावशी छान आहे, ऐकून घेते. तळपायाची आग मस्तकात गेली. रेघ पुढे ने, मॅडमची लाडकी हो, पण माझी पोर?

गुरुवार, २१

तो धडा आज आवाज लावून पाहिला. 'पालक सगळं नाकारतील. नाकारलं, असं लिहा. पालक चिडतील. चिडले, असं लिहा.'

तडक मॅडमकडे गेले. सांगितलं की चूक झाली, ते घर माझं आहे, बाकी सगळं मी रचलं होतं, रद्द करा. त्या मान तिरकी करून ऐकत होत्या आणि लिहीत होत्या. मी विचारलं, काय लिहिताय. म्हणाल्या, दिसतंय ते. मग अगदी मायेने विचारलं की एकटीला जड जातं का हो मुलीचं सगळं करणं. मी म्हटलं, एकटी कशी, नवरा आहे मला. त्यांनी पान उलटून माझ्याच वाक्यावर बोट ठेवलं. वडील नाहीत.

घरी येऊन कपाट उघडलं. नवऱ्याच्या कप्प्यात माझ्या चादरी आहेत. घड्यांवर धूळ आहे, जुनी. चिऊला विचारलं, बाबा कधी येणार गं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि जरा मागे सरकली.

शुक्रवार, २२

चिऊच्या दंडावर दोन निळे डाग.

मी नाही. काल फक्त दंड धरला होता. ती म्हणाली की मावशी परत येणार आहे, आणि येणार म्हणून तिने केस धुतले. माझ्यासाठी कधी धुतले का? म्हणून धरला. घट्ट धरला असेल. चिमटा नाही काढला.

नाही काढला. मला आठवलं असतं.

सोमवार, २५

ऑफिसचं दार माझ्या कार्डाने उघडत नाही. दारावरच्या माणसाने, जो रोज मला नमस्कार करायचा, त्याने बाकाकडे हात केला. पालकांनी तिथे बसायचं, म्हणाला. मी हसले. तो हसला नाही.

बसले. काचेतून माझं टेबल दिसत होतं. गुणवंती तिथे होती. तिने खालचा खण ओढला आणि तो मुकाट उघडला, दणका न देता. तिच्यापुढे दोन मुलांचे फोटो होते. खरी मुलं. तिला मिळाली.

मग मी आपल्या पायांकडे बघत बसले.

मंगळवार, २६

चिऊच्या खोलीला कडी आहे. बाहेरून. नवी नाही. रंग उडालेला, रोज वापरल्यासारखी गुळगुळीत. काढायला गेले तर स्क्रू फिरेना. चिऊ म्हणाली, आज लावू नकोस ना आई. मी शहाण्यासारखी वागेन.

देवा.

बुधवार, २७

फक्त शेवटचा धडा उरलाय. मी पाहिला. 'मुलीचं म्हणणं तिच्याच शब्दांत घ्या. त्यावरून तिला कुठे ठेवायचं ते ठरेल.'

ते शब्द मला माहीत आहेत. मीच लिहिलेत.

चिऊला जवळ घेतलं. सांगितलं, बाई काही विचारतील, तेव्हा ते म्हणू नकोस. ती म्हणाली, काय म्हणू नको? सांगितलं तर मीच शिकवलं असं होईल. नाही सांगितलं तर —

तिने विचारलं, आई, तू का रडतेस. मग माझे डोळे पुसले. अजून माझी आहे. अजून आहे.

गुरुवार, २८

गुणवंती सकाळीच आली. मी दारात आडवी उभी राहिले. ओरडले असेन. चिडले, असं तिने लिहिलं. मग प्रेमाने म्हणाली, मुलीचा स्वेटर आणता का, गार आहे बाहेर. आणि मी आणायला आले. कशी आले मी? चिऊच्या या खोलीत —

कडी लागली.

बाहेरून.

दार ठोकतेय. कुणी ऐकत नाही. वही इथेच उशाखाली होती, चिऊ वाचत असणार — तिने मागच्या पानावर आम्हा तिघांचं चित्र काढलंय. तिघांचं! बूट वाटेत पडलेले. म्हणजे तो होता. चिऊला माहीत आहे. आतून कुठेतरी माहीत आहे तिला —

ऐकू येतंय. कंगवा फिरतोय केसांतून. गुणवंती विचारतेय, घरी तुला कसं वाटतं गं.

चिऊ गप्प.

शहाणी माझी बाई. बोलू नकोस. चिऊ, चित्र आठव —

ती घाई करत नाही. म्हणते, आपापल्या गतीने सांग, बाळा.

चिऊ रडतेय. मी इथे आहे गं, दाराशीच आहे —

नाही. बोलतेय. हळू. पाठ केल्यासारखं नाही, अगदी आपलं असल्यासारखं —

आई घरी नसली की मला —