आठनंतर

४ मार्च

नापास! आपा, माझी सासू, नातवंडांची आजी, नारीन गावच्या दवाखान्यात स्मरणाच्या तपासणीत नापास झाली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं — दोन, चार, सहा, आठ, पुढे काय? आपा म्हणाली, सहा. पुन्हा विचारलं. पुन्हा सहा.

मोठे दीर मेदेर शेजारीच उभे होते. परत येताना गाडीतच सांगून टाकलं — वीस तारखेला दुसरी तपासणी, तेव्हाही हेच झालं तर आपाला बिश्केकला नेणार. त्यांच्या सहाव्या मजल्यावर! माझा नवरा तालाय नुसता गाडी चालवत राहिला. मोठ्या भावापुढे त्याचं तोंड कधी उघडलंय?

५ मार्च

विसरते, हे खरं आहे. चहात दोनदा मीठ घालते. तालायला त्याच्या मेलेल्या वडिलांच्या नावाने हाक मारते. पण त्या मजल्यावर ती जगायची नाही. खिडकीतून बघायला एक मेंढरूसुद्धा नाही!

मी आईविना वाढले. या घरात आले तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी मायेने माझे केस विंचरले. नाही नेऊ देणार मी तिला.

९ मार्च

सापडलं! आपा उन्हाळ्यातल्या राहुटीसाठी काड्यांचा पडदा करतेय. एकेका काडीला काळी लोकर गुंडाळायची, मग काड्या शेजारी शेजारी बांधल्या की त्यांतून मेंढ्याचं शिंग उमटतं. आज जवळ बसून नीट बघितलं. पहिल्या काडीवर दोन बोटं लोकर, मग चार, सहा, आठ — आणि पुन्हा सहा, चार, दोन. आठनंतर सहा का, म्हणून विचारलं. आपा हसली.

"शिंग वाढतच गेलं तर मेंढा मान कशी उचलेल, बाळ?"

म्हणजे ती बरोबर होती! लगेच मेदेर भाऊजींना फोन लावला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी.

"बुरमा, डॉक्टरीण काड्या तपासत नाही."

१२ मार्च

मग दहाच शिकवायचं, दुसरं काय! जेवणाच्या कापडावर सुके जर्दाळू मांडले. दोन, चार, सहा, आठ. पुढे? सहा म्हणे. मी दहा मांडून दाखवले. तिने त्यातले चार उचलून तोंडात टाकले, म्हणाली, झाले सहा. हसू आलं आणि रडूही आलं.

१५ मार्च

सहा. सहा. सहा. देवा, काय करू?

१७ मार्च

आज ओरडले. आपावर! हातातल्या काड्या हिसकावून कोठीत ठेवल्या. दहा म्हणा, मगच देईन. ती रिकामे हात मांडीवर ठेवून बसून राहिली. माझी मलाच लाज वाटते. पण दिवस कुठे उरलेत?

१९ मार्च

दहा! सकाळी चहा ओतताना आपा आपणहून म्हणाली, मी विचारलंही नव्हतं. मग कोठीच्या दाराकडे बघत राहिली. उद्या देईन म्हटलं.

२० मार्च

पास! पास! डॉक्टरीणबाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत आपा म्हणाली, दहा. मेदेर भाऊजी म्हणाले, राहू दे तिला तुमच्याकडेच. तालाय वाटभर गात होता. घरी आल्या आल्या कणकेचे बोरसोक तळले, शेजारीपाजारी वाटले. आपाला काड्या परत दिल्या. तिने त्या गालाला लावल्या.

२४ मार्च

आपा उन्हात बसून काड्या गुंडाळत होती. दोन बोटं. चार. सहा. आठ. दहा. मी म्हटलं, आपा, शिंग वळवायचं राहिलं. तिने पुढची काडी माझ्यासमोर धरली.

"दहानंतर किती, बाळ?"