चौदाव्या खड्ड्याचा तळ

दि. ३ मे

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, म्हणून आधीच कान पकडते. मामींचा गुडघा कसा आहे? त्यांना जिने चढायला लावत नाही ना तुम्ही? मी मजेत आहे असं लिहिणार होते, पण माझं अक्षर बघूनच तुम्हाला कळेल की तसं नाही.

ताईच्या घरामागच्या उतारावर रस्ता रुंद करायचा आहे, म्हणून ऑफिसने मला तिथली माती तपासायला पाठवलं. तीस वर्षांपूर्वी याच ऑफिसात असताना तुम्ही तिथेच चौदा नंबरचा खड्डा घेतला होता. त्यापासून दहा पावलांवर मी खणलं. वर हातभर काळसर माती, मग तांबूस चिकणमाती, मग दगडगोटे. इथपर्यंत सगळं तुमच्या तक्त्याबरहुकूम. पुढे तुम्ही लिहिलंय की खाली कुजलेला खडक, त्याखाली अखंड खडक; माती जागच्या जागी तयार झालेली, उतार स्थिर.

मी मात्र दगडांखाली आणखी खणलं. खाली पुन्हा काळी माती! जुन्या मुळांच्या नळ्या, कोळशाचे तुकडे, सगळं जसंच्या तसं. तुम्हीच शिकवलंत ना, की माती खाली जाताना फिकी होत जाते, आणि काळा रंग दुसऱ्यांदा दिसला तर समजावं, वरचं सगळं कुठून तरी येऊन बसलंय. म्हणजे हा डोंगर एकदा खाली आलेला आहे. ताईचं घर आणि आणखी चाळीस घरं त्याच ढिगाच्या पायथ्याशी आहेत. माझं चुकत असेल तर खुशाल रागवा, मला बरंच वाटेल.

लोभ आहेच, तो हे पत्र वाचून झाल्यावरही असू द्या.

तुमची भाची,
चिखलू

दि. ९ मे

चि. चिखलू हिस,
अनेक आशीर्वाद.

अगं, चार वर्षं झाली नाहीत नोकरीला आणि डोंगर चालवायला निघालीस! मामी हसून हसून बेजार झाली. गुडघा बरा आहे तिचा, तोंड त्याहून बरं आहे.

मातीला घडवणारे पाच जण असतात, हे तुला पाठ आहे: खडक, हवामान, उतार, जीवजंतू आणि काळ. मी गार डोंगरातली काळी, कुजकी माती पाहिली, कोरड्या पठारावरची चुनखड्यांची पाहिली, धो धो पावसात धुऊन निघालेली तांबडीही पाहिली. प्रत्येकीला तिच्या जातकुळीत बसवता बसवता माझे केस पिकले. तू बहुतेक कुणाच्या तरी जुन्या भरावात खणलं आहेस. घर बांधताना लोक माती कुठेही लोटतात. एका खड्ड्यावरून आख्ख्या उताराची जात ठरवू नये. उगाच साप साप म्हणून भुई धोपटू नकोस, आणि ताईला तर मुळीच काही बोलू नकोस. ती घाबरट आहे.

जेवणखाण वेळेवर कर. आमची आठवण असू दे, काळजी नको.

तुझा
मामा

दि. १४ मे

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं ऐकून आणखी तीन खड्डे घेतले. तिन्हींत काळी माती पुन्हा लागली आणि तिच्यावरच्या दगडांतून पाणी झिरपतंय. ताईच्या मागच्या दाराला सुताराने दोन महिन्यांत तीनदा रंधा मारला, तरी ते चौकटीत अडकतंच. ती म्हणते लाकूड फुगलंय. उन्हाळ्यात लाकूड फुगतं का हो मामा?

साहेबांना सगळं दाखवलं. ते म्हणाले की तुमच्या सहीच्या तक्त्यापुढे माझं काही चालणार नाही. ज्याने तो केला त्यानेच चूक लिहून दिली तर आठवड्यात घरं रिकामी करता येतील. ताईलाही सांगितलं, तुम्ही नको म्हणालात तरी. घाबरली तर नाहीच, उलट हसली. मामाने हात लावलेल्या जमिनीवर घर घेतलंय, मामा सांगेल तेव्हाच सोडेन, म्हणाली.

ऑफिसच्या कपाटातून तुमचे जुने तक्ते काढले. चौदा नंबरच्या खालच्या दोन थरांचा मजकूर अकरा नंबरशी अक्षरन् अक्षर जुळतो. रंग, ओल, खड्यांचा आकार, सगळं. अकरा नंबर तर दरीच्या पलीकडे आहे. दोन ठिकाणची माती इतकी सारखी नसते, हेही तुम्हीच शिकवलंत. मामा, तुम्ही त्या दिवशी तळापर्यंत खणलं होतं ना? पावसाला तीन आठवडे उरलेत. तुम्ही हो म्हणालात तर मी गप्प बसेन, पण झोप लागणार नाही.

रागावलात तरी पत्र पाठवा.

तुमची
चिखलू

दि. २१ मे

चि. चिखलू हिस,
अनेक आशीर्वाद.

नव्हतं खणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या आईचं लग्न होतं आणि शेवटची बस चारची होती. तीन फुटांवर पहार दगडाला खणखणली, मी म्हटलं खडक लागला. उरलेले रकाने अकरा नंबरवरून भरले. मनात म्हटलं, माती काय कुठे पळून जाते? तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच सगळं आठवलं होतं. तरी तुलाच शहाणपण शिकवलं. त्याची लाज मला खड्ड्यापेक्षाही जास्त वाटते.

तुझ्या साहेबांना परवा लेखी दिलं. वाचताना त्यांनी मान वर केली नाही. तिथून तडक ताईकडे गेलो आणि ओट्याशी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तिने गॅस बंद केला आणि कपाटातून मुलांचे कपडे काढायला लागली. मी पेटी धरायला पुढे झालो, तर तिने ती माझ्या हातातून काढून घेतली. संध्याकाळच्या आत ती मुलांना घेऊन सासूकडे गेली. शेजारच्या नऊ घरांनीही सामान हलवलंय, बाकीचे उद्या-परवा हलतील.

निघताना दारातून तिने एवढंच विचारलं, की असे आणखी किती खड्डे आहेत. तुला सांगतो. चार आहेत. नंबर पाठीमागे लिहिले आहेत. सातव्यावर आता शाळा आहे. तिथून सुरुवात कर.

लोभाचं तू ठरव.

मामा